गरजेचा वाफसा आणि मदतीची रेघ

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषयपत्रिकेवर माझ्या भाषणाचे नाव वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघातिघांनी मला गाठले. "हे फझी आणि जेनेटिक काय आणलंय? कोणत्या कंपनीचं बियाणं म्हणायचं?" बियाणे नाही. पण बियाण्याशी त्याचे नाते आहे, ते पुढे येईल. विषय साधा आहे आणि तुमच्या-माझ्या अंगावर येऊन गेलेला आहे. मदत थोडी आहे, गरजू फार आहेत. मग पहिली मदत कोणाला द्यायची आणि ते ठरवायचे कसे?

आधी एक कबुली देतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, ती तुम्हाला आठवत असेल. उभा गहू, हरभरा, द्राक्षे, सगळे झोपले. आमच्या तालुक्यात आम्ही पाच-सहा जणांनी मिळून मदत गोळा केली. व्यापाऱ्यांनी दिली, नोकरीतल्या मुलांनी दिली, शाळेच्या पोरांनी डबे फिरवले. पैसे जमले, पण अर्ज त्याच्या तिप्पट आले. मग आम्ही काय केले? सरकार करते तेच केले. रेघ ओढली. पाच एकरांच्या आतला आणि सातबारा स्वतःच्या नावावर असलेला, तो पात्र. बाकीचे अपात्र.

टेबलापुढे एक बाई आली. नवरा वारलेला, पदरात दोन लेकरे. जमीन सहा एकर कोरडवाहू, ती कसत होती. पण सातबारा सासऱ्याच्या नावावर. दोन्ही अटींत ती बसत नव्हती. मी म्हणालो, "ताई, तुमचं नियमात बसत नाही." तिने विचारले, "भाऊ, नियम कोणी केला?" मी म्हणालो, "आम्हीच केला." ती काही बोलली नाही. अर्जाची घडी घालून निघून गेली. त्या संध्याकाळी यादी संपली, पैसेही संपले. पुढच्या हंगामात ती लेकरांना घेऊन ऊसतोडीला गेल्याचे कळले. सरकारच्या नियमांवर आपण सभा गाजवतो. हा नियम सरकारचा नव्हता, माझा होता.

तेव्हापासून हा प्रश्न मी मनातून काढू शकलेलो नाही. आज जे सांगणार आहे ते त्यातूनच आलेले आहे.

रेघ कशी मारते

रेघेचा धंदा आपल्याला नवा नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. ६४ झाला तर नाही. आणि पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, तुमचे शेत तिथून दहा किलोमीटरवर. पिकाचे नुकसान ३३ टक्के झाले तर मदत, ३२ झाले तर शून्य. २०१५ पर्यंत तर ही रेघ ५० टक्क्यांवर होती. आणेवारी ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर वर्षानुवर्षे गावांचे नशीब ठरत आले.

२००८ ची केंद्राची कर्जमाफी घ्या. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात ६० हजार कोटींची घोषणा झाली. २ हेक्टर, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ. त्याच्या वरच्याला २५ टक्के सूट, तीही त्याने उरलेले ७५ टक्के भरले तर. दुष्काळप्रवण वगैरे धरलेल्या २३७ जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते. आता विदर्भातला सात एकर कोरडवाहू कापूसवाला आणि कालव्याखालचा साडेचार एकर ऊसवाला समोरासमोर उभे करा. कापूसवाला रेघेच्या वर म्हणून 'मोठा शेतकरी' ठरला. ऊसवाल्याला मिळाले म्हणून माझे दुःख नाही. ज्याच्या विहिरीला पाणी नाही तो कागदावर श्रीमंत झाला, हे दुःख आहे.

२०१९ ची राज्याची कर्जमुक्ती घ्या. दोन लाखांपर्यंत थकलेला पात्र. दोन लाखांवर शंभर रुपये जास्त असतील तर त्याला त्या योजनेत काहीच नाही. शंभर रुपयांच्या फरकाने दोन लाखांचा फरक! बाजारात कोणी असा व्यवहार केला तर आपण त्याला वेड्यात काढू.

कोणी म्हणेल, एकाच गोष्टीवर रेघ ओढली म्हणून असे झाले, चार गोष्टी मोजल्या असत्या तर झाले नसते. तेही करून झाले आहे. दारिद्र्यरेषेसाठी २००२ ची ग्रामीण पाहणी आठवा. तेरा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण गुण ५२. त्यात एक गोष्ट शहाणपणाची होती. जमिनीचे गुण देताना १ हेक्टर बागायत म्हणजे २ हेक्टर कोरडवाहू असे धरले होते. म्हणजे २००२ साली सरकारला जे कळत होते ते २००८ साली कळेनासे झाले. पण बाकीचे काय? घरात माणशी कपडे किती, यालाही चार गुण. आणि दोन वेळचे जेवण मिळते का, यालाही चारच गुण. सदरा आणि भाकरी एका तागडीत! शिवाय किती कुटुंबे गरीब धरायची त्याची मर्यादा वरून आधीच ठरलेली. मग रेघ त्या आकड्याला जुळेल अशी ओढायची. गुण मोजले, पण शेवटी रेघ आलीच. एका गुणाने आत, एका गुणाने बाहेर.

वाफसा

आता मला सांगा, पेरणीआधी तुम्ही वाफसा कसा पाहता? मूठभर माती घेता, दाबता, सोडता. चिकटली तर अजून ओल जास्त. भुगा झाला तर ओल उडाली. मधली अवस्था म्हणजे वाफसा. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी वाफसा नव्हता आणि सहा मिनिटांनी आला, असे कोणी म्हणते का? आपण म्हणतो, "वाफशावर येतंय", "बरंचसं आलंय", "उद्या दुपारपर्यंत पुरतं येईल". म्हणजे आपल्या भाषेत 'आहे' आणि 'नाही' यांच्या मध्ये बरीच जागा आहे.

याच जागेला गणितात बसवायचे काम लोत्फी झादेह नावाच्या माणसाने केले. जन्म १९२१ साली बाकूचा, पुढे अमेरिकेत बर्कले इथे प्राध्यापक. १९६५ साली त्यांनी एक निबंध लिहिला. जुने तर्कशास्त्र म्हणते, विधान खरे तरी आहे किंवा खोटे तरी. १ किंवा ०. झादेह म्हणाले, 'उंच', 'गरम', 'जुना' हे शब्द तसे वागत नाहीत. माणूस ०.७ उंच असू शकतो. या तर्काला फझी लॉजिक म्हणतात. फझी म्हणजे कडा धूसर असलेले. हिशेब मात्र धूसर नसतो, तो काटेकोर असतो. १९७० च्या दशकात लंडनमध्ये इब्राहिम ममदानी यांनी असल्या नियमांवर वाफेचे छोटे इंजिन चालवून दाखवले. १९८७ साली जपानमधल्या सेंदाई शहरात भुयारी रेल्वे याच तर्काने गाडी हळूहळू थांबवू लागली. त्यानंतर कपडे धुण्याच्या यंत्रांच्या जाहिरातींतही हा शब्द आला. मळकट कपडे ओळखायला जो तर्क चालतो, तो माणसाची गरज ओळखायला का वापरू नये?

दोन घरांचा हिशेब

आपण कागदावरच करून पाहू. संगणक लागत नाही, सातवीतले गणित पुरते. आकडे मी उदाहरणासाठी घेतो. तुमच्या गावाचे तुम्ही ठरवायचे.

तीन गोष्टी मोजू. पहिली, जमीन. बागायत एक एकर म्हणजे कोरडवाहू दोन एकर धरू. कोरडवाहू दोन एकर किंवा त्याहून कमी असेल तर 'जमीन थोडी' हे पूर्ण खरे, म्हणजे १. दहा एकर किंवा जास्त असेल तर ०. मधल्याला मधला आकडा. सहा एकरांना ०.५. दुसरी, कर्ज. २० हजारांपर्यंत बोजा ०, एक लाख झाले की १, ६० हजारांना ०.५. तिसरी, कमावत्या एका हातामागे खाणारी तोंडे. दोनपर्यंत ०, सहा झाली की १, पाच असतील तर ०.७५.

आता दोन नियम. पहिला: जमीन थोडी आणि कर्ज जड, तर गरज मोठी. दुसरा: तोंडे जास्त आणि कर्ज जड, तर गरज मोठी. 'आणि' आला की दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा, कारण साखळी तिच्या कच्च्या कडीइतकीच पक्की. पहिल्या नियमाला १०० पैकी ४० वजन, दुसऱ्याला ६०.

पहिले घर: साडेचार एकर बागायत, ६० हजार कर्ज, चार तोंडे आणि दोन कमावते. जमीन कोरडवाहूच्या हिशेबात नऊ एकर, म्हणून 'जमीन थोडी' फक्त ०.१२५. कर्ज ०.५. एका हातामागे दोनच तोंडे, म्हणून ०. पहिल्या नियमाने लहान आकडा ०.१२५, त्याचे ४० च्या वजनाने ५. दुसऱ्याने ०. एकूण गरज १०० पैकी ५.

दुसरे घर: सहा एकर कोरडवाहू, तेवढेच ६० हजार कर्ज, पाच तोंडे आणि कमावते एकच. जमीन ०.५, कर्ज ०.५, तोंडे ०.७५. पहिल्या नियमाने ०.५, म्हणजे २०. दुसऱ्याने ०.५, म्हणजे ३०. एकूण ५०.

पाच एकरांच्या रेघेने पहिले घर आत आणि दुसरे बाहेर जाते. या हिशेबाने दुसरे घर रांगेत कितीतरी पुढे येते. आणि मला जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. समजा दुसऱ्या घराची जमीन मोजणीत पाच गुंठे जास्त निघाली. गरजेचा आकडा ५० चा ४९.४ होतो, एवढेच. पाच गुंठ्यांनी नशीब पालटत नाही. तलाठ्याने आकडा इकडचा तिकडे केला तरी कोणाचे फारसे साधत नाही. रेघेजवळ उभ्या असलेल्या माणसाला सही-शिक्क्यासाठी जो भाव मोजावा लागतो, तो भावच पडतो.

पैसे संपले की शेवटी कोणी आत, कोणी बाहेर होणारच, हे खरे. पण त्यावरही तोड आहे. गरजेच्या प्रमाणात रक्कम कमी-जास्त करा. शेवटच्याला पूर्ण नाही तर अर्धी द्या. हिशेब चढउताराचा असेल, तर देणेही चढउताराचे करता येते.

नियमांचे बियाणे

आता तुमच्यातला एखादा हुशार पोरगा उठून म्हणेल, "काका, ४० आणि ६० हे आकडे कुठून आणले? २० हजार आणि एक लाख कोणी ठरवले?" प्रश्न बरोबर आहे. मी मनाने घातले. म्हणजे पुन्हा टेबलामागे बसलेल्या माणसाचाच नियम झाला. इथे दुसरी युक्ती कामाला येते, आणि ती आपल्या बांधावरची आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आपल्याला माहीत आहेत. १९८३ साली त्यांनी आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या. पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून एचएमटी तांदूळ आला. ही झाली निवड. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी दोन वाणांचा संकर करून एच-४ हा कापूस दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो पहिला संकरित कापूस. हा झाला संकर. आणि कधी कधी निसर्गातच एखाद्या झाडात काही बदल होऊन जातो, ते झाले उत्परिवर्तन.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की गणिताची उत्तरेसुद्धा अशी पिकवता येतात. याला जेनेटिक अल्गोरिदम म्हणतात. आपल्या उदाहरणात सात आकडे ठरवायचे आहेत: जमिनीची दोन टोके, कर्जाची दोन, तोंडांची दोन, आणि एका नियमाचे वजन, दुसऱ्याचे आपोआप ठरते. पन्नास कागद घ्या आणि प्रत्येकावर हे सात आकडे अंदाजाने टाका. हे झाले पन्नास वाण. आता ज्या घरांबद्दल गावाचे एकमत आहे अशी घरे घ्या आणि प्रत्येक कागदाने लावलेली रांग गावाच्या मताशी किती जुळते ते पाहा. जुळणारे कागद ठेवा, न जुळणारे टाका. ठेवलेल्यांच्या जोड्या लावा, काही आकडे याचे, काही त्याचे. मधूनच एखादा आकडा थोडा हलवा. झाली नवी पिढी. पुन्हा पारख, पुन्हा निवड. शेतात एका पिढीला एक हंगाम जातो, संगणकाला दोनशे पिढ्यांना काही सेकंद पुरतात.

पण बियाणेवाल्यांचा अनुभव इथेही विसरायचा नाही. कंपनीच्या प्लॉटवर डोलणारे वाण आपल्या वावरात बसते, हे आपण कितीदा पाहिले? तसेच ज्या घरांवर नियम पिकवला त्या घरांवर तो छान जुळणारच. म्हणून थोडी घरे आधीच बाजूला ठेवायची आणि तयार झालेला नियम त्यांच्यावर तपासायचा. तिथे फसला, तर कितीही गोड दिसत असला तरी टाकून द्यायचा.

गावाचे मत आणि गावाचा डोळा

गावाला विचारायचे तरी कसे? याचा चांगला प्रयोग इंडोनेशियात झाला आहे. २००८ साली ६४० वस्त्यांत तो केला. करणाऱ्यांत मुंबईत जन्मलेले आणि पुढे २०१९ चे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी होते. काही वस्त्यांत घर, वस्तू वगैरे मोजून सूत्राने गरीब ठरवले. काहींत गावकऱ्यांनी बैठक घेऊन घरांची रांग लावली. काहींत दोन्हींची सांगड घातली. माणसाचा दररोजचा खर्च ही कसोटी धरली तर सूत्र थोडे सरस ठरले. पण लोकांचे समाधान बैठकीतल्या यादीने जास्त झाले. आणि गावकरी गरिबी म्हणजे नुसता खर्च मानत नव्हते, कमावण्याची ताकदही पाहत होते. विधवेचे घर त्यांना वेगळे दिसत होते. सूत्राला ते दिसत नव्हते.

त्या प्रयोगातला एक बारकावा मला फार पटला. बैठक लांबली की लोक थकत, आणि ज्या घरांचा विचार शेवटी झाला त्यांच्याबाबत जास्त चुका झाल्या. आपल्या ग्रामसभा आठवा! चाळीस घरांची दोन-दोन अशी तुलना करायची तर ७८० जोड्या होतात. कोण बसेल? म्हणून गावाला आकडे विचारू नका, सगळी रांगही लावायला सांगू नका. शंभर जोड्या निवडा, तीन-चार बैठकांत वाटा आणि एवढेच विचारा: या दोन घरांत आधी कोणाला? उरलेले काम पिकवलेला नियम करील. गावाचे शहाणपण आणि गणिताची न थकणारी पाठ, दोन्ही कामाला येतील.

पण भावांनो, इथे मी तुम्हाला सावध करतो. निवड करणारा जे निवडतो तेच पिकते. गावाच्या मतावर नियम पिकवला, तर गावाचे शहाणपण त्यात उतरेल आणि गावाचा आंधळेपणाही उतरेल. चावडीवर बसून जोड्या विचारल्या आणि वेशीबाहेरच्या पालावरचे घर कोणाच्या डोळ्यांपुढेच आले नाही, तर यंत्र ते घर शेवटी ढकलील, तेही दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत! आणि मग आपण म्हणू, "आम्ही काय करणार, संगणकाने काढले." म्हणून बायकांची बैठक वेगळी, वस्तीची वेगळी, पालावरची वेगळी. त्या मतांखेरीज नियम पिकवू नये.

हे भय पोकळ नाही. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात मुलांच्या सांभाळासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत कोण लबाडी करतो, हे हुडकायला यंत्र लावले होते. परदेशी नागरिकत्व हा त्यात संशयाचा एक मुद्दा होता. कागदातल्या किरकोळ चुकांसाठी पूर्ण रक्कम परत मागितली गेली. हजारो आईबाप कर्जात बुडाले. प्रकरण उघडे पडल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. तिथेही दोन पापे एकत्र आली होती: सगळे किंवा काहीच नाही असा नियम, आणि का काढले ते कोणालाच न सांगणारे यंत्र.

काय करायचे

म्हणून मी चार गोष्टी बैठकीपुढे ठेवतो.

एक. आपल्या तालुक्यांत जिथे जिथे मदत निधी, शिष्यवृत्ती किंवा बियाण्याची मदत वाटली जाते, तिथे नियम पैसे येण्याआधी ठरवावा. मोजायच्या गोष्टी, त्यांची टोके, वजने, सगळे एका पानावर मावले पाहिजे आणि चावडीवर लावले पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे. एका पानात मावत नसेल तो नियम वापरू नये.

दोन. नियम चव्हाट्यावर, पण घराची माहिती घरात. कर्ज किती, आजार कोणता, हे फळ्यावर लिहायची गोष्ट नाही. प्रत्येक घराला त्याचे स्वतःचे आकडे सांगावेत आणि चूक दाखवायला आठ दिवस द्यावेत. "तुमचं नियमात बसत नाही" हे वाक्य बंद. "जमिनीत इतके, कर्जात इतके, म्हणून तुमचा क्रमांक इतका" हे सांगता आले पाहिजे.

तीन. अर्जात एक रकाना मोकळा ठेवावा आणि दर वीस जागांतल्या दोन त्या रकान्यासाठी राखाव्यात. कितीही हुशार गणित असले तरी ज्याचा रकानाच नाही त्याची गरज त्याला शून्यच दिसते. आमच्यापुढे आलेल्या त्या बाईचा प्रश्न फझी लॉजिकने आपोआप सुटला नसता. कसणारा कोण, हा रकानाच आमच्या अर्जात नव्हता. तो माणसालाच सुचावा लागतो, आणि त्यासाठी टेबलाच्या पलीकडच्या माणसाला बोलू द्यावे लागते.

चार. दर वर्षी मागे वळून पाहावे. ज्यांना दिले नाही त्यांच्या घरी जावे. दिलेल्यांचे फोटो सगळेच काढतात. नियम चुकला की नाही, हे न दिलेल्यांच्या घरी कळते.

शेवटी एक गोष्ट. रांग कितीही न्यायाने लावली तरी तिने पोत्यातले धान्य वाढत नाही. शेतमालाला रास्त भाव मिळाला असता तर या रांगेतली निम्मी माणसे घरी असती, हे आपण विसरणार नाही आणि कोणाला विसरूही देणार नाही. मदत हा भावाला पर्याय नाही. पण उद्या गारा पडतील तेव्हा भावाचे भाषण करून कोणाची चूल पेटणार नाही. त्या दिवशी आपल्या हातात थोडे पैसे असतील, समोर फार माणसे असतील, आणि त्यांतली एखादी पुन्हा विचारील, "भाऊ, नियम कोणी केला?"

त्या दिवशी मला एवढेच म्हणता यावे, "ताई, आपण सगळ्यांनी मिळून केला. चावडीवर लावलाय. या, बसा, तुमचं कुठं चुकलंय ते पाहू."